पाईल ठोकताना जीपीएस: साइटवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाईल म्हणजे बांधकामाचा भार पेलण्यासाठी जमिनीत खोल उतरवलेला खांब. पूल, जेट्टी, सौरऊर्जा प्रकल्प अशा कामांवरच्या तरुण सर्व्हेअर आणि साइट इंजिनिअर मंडळींकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींना वेळ लागतो. उंचीबद्दलचा प्रश्न मात्र कुणीही गाळू नये. या कामातलं सर्वांत महागडं नुकसान तिथेच होतं.

पाईल ठोकण्याच्या कामात उपग्रहांचा उपयोग नेमका कशासाठी होतो?

मुख्यतः तीन गोष्टींसाठी. पाईल ड्रॉइंगमधल्या जागेवर उभा करणं, ठोकताना तो सरकतो किंवा कलतो का हे पाहणं, आणि शेवटी तो कुठे, कुठल्या पातळीला थांबला याची नोंद ठेवणं. पूर्वी जमिनीवर खुंटी मारून आणि समुद्रात किनाऱ्यावरून दोन थिओडोलाइट (कोन मोजणाऱ्या दुर्बिणी) रोखून हेच काम चालायचं. आता रिगच्या, म्हणजे पाईल ठोकणाऱ्या यंत्राच्या, केबिनमधल्या पडद्यावर ऑपरेटरला पाईलची ठरलेली जागा आणि सध्याची जागा एकत्र दिसते. तो पाच सेंटिमीटर डावीकडे आहे की उजवीकडे, हे कुणी हात दाखवून सांगावं लागत नाही.

पाईल किती भार पेलेल, हे मात्र उपग्रह सांगत नाहीत.

मोबाइलमध्येही जीपीएस असतं. मग एवढी महाग उपकरणं कशाला?

मोबाइलची चूक काही मीटरची असते. पाईलसाठी काही सेंटिमीटरची अचूकता हवी. त्यासाठी आरटीके (रिअल-टाइम किनेमॅटिक) पद्धत वापरतात. माहीत असलेल्या बिंदूवर एक रिसीव्हर स्थिर ठेवायचा, तो बेस. दुसरा रिगवर किंवा बार्जवर (तरंगत्या सपाट जहाजावर), तो रोव्हर. दोघांनाही तेच उपग्रह दिसत असल्यामुळे वातावरणामुळे आणि उपग्रहांच्या घड्याळांमुळे येणाऱ्या चुका जवळपास सारख्याच असतात. बेस आपली निरीक्षणं रेडिओवरून किंवा इंटरनेटवरून रोव्हरकडे पाठवतो आणि त्या सामायिक चुका वजा होतात.

शिवाय आरटीकेमध्ये सिग्नलमधल्या संकेतावर न थांबता त्याच्या मूळ लहरीची मोजणी होते. जीपीएसच्या एल-वन लहरीची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर आहे. उपग्रहापासून अँटेनापर्यंत अशा पूर्ण लहरी किती, हे रिसीव्हरने बरोबर ओळखलं की पडद्यावर ‘फिक्स’ येतं. ओळखता आलं नाही तर ‘फ्लोट’. फ्लोटवर पाईल ठोकू नये. घाई कितीही असली तरी नाही.

चांगल्या रिसीव्हरची कंपनीने दिलेली अचूकता साधारण अशी असते: आडवी ८ मिलिमीटर आणि उभी १५ मिलिमीटर, अधिक बेसपासूनच्या प्रत्येक किलोमीटरमागे १ मिलिमीटर. म्हणजे बेस दहा किलोमीटरवर असेल तर चुकीत १० मिलिमीटर वाढले. हे आकडे मोकळ्या आकाशाखालचे आहेत, क्रेनच्या सावलीतले नाहीत.

अँटेना पाईलच्या डोक्यावर बसवतात का?

नाही. हॅमरचा घाव बसतो तेव्हा पाईलच्या डोक्याला गुरुत्वाकर्षणाच्या शेकडो पट त्वरण मिळतं. तिथे अँटेना टिकणार नाही, आणि हॅमर डोक्यावर असताना तिला आकाशही दिसणार नाही.

म्हणून अँटेना रिगच्या मागच्या भागावर, लीडरच्या (पाईल धरून ठेवणाऱ्या उभ्या खांबाच्या) टोकाला किंवा बार्जच्या डेकवर उंच खांबांवर लावतात. एका अँटेनाने फक्त एक बिंदू कळतो. रिगचं तोंड कुठल्या दिशेला आहे हे कळायला दोन लागतात. त्यांच्या जोडीला कल मोजणारे सेन्सर असतात. रिगच्या बांधणीची मापं आधीच मोजून संगणकात भरलेली असतात. या सगळ्यांवरून संगणक पाईलचा मध्य काढतो.

या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. उपग्रह अँटेनाची जागा सांगतात, पाईलची नाही. मधला हिशेब आपण दिलेल्या मापांवर उभा असतो आणि त्या मापांतली चूक पडद्यावर कधीच लाल होऊन दिसत नाही. उदाहरणार्थ, अँटेना ४० मीटर उंच लीडरच्या टोकाला आहे आणि कलाचा सेन्सर अर्ध्या अंशाने चुकतो आहे. तळाशी पाईलची जागा ३५ सेंटिमीटरने चुकली. उपग्रह उत्तम, फिक्स पक्का, आणि पाईल चुकीच्या ठिकाणी.

दिशेचंही तसंच आहे. दोन अँटेनांमध्ये १० मीटर अंतर असेल आणि त्यांच्यात आडवी १० मिलिमीटरची चूक असेल, तर २० मीटर पुढे असलेल्या पाईलपाशी ती २० मिलिमीटर होते. म्हणून अँटेना एकमेकींपासून जितक्या लांब ठेवता येतील तितक्या ठेवाव्यात.

भर समुद्रात, किनारा दिसतही नाही अशा ठिकाणी हे खरंच चालतं का?

चालतं, आणि खरी गरज तिथेच आहे. शांघायहून यांगशान बंदराकडे जाणारा डोंगहाई पूल ३२.५ किलोमीटर लांब आहे. तो २००५च्या डिसेंबरमध्ये सुरू झाला. त्याच्या मधल्या भागात किनाऱ्यावरून थिओडोलाइट किंवा टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर दोन्ही मोजणाऱ्या उपकरणाने) पाईल लावणं शक्यच नव्हतं. अंतर वाढलं की कोनातली छोटी चूक मोठी होते, पाण्यावरच्या हवेत दृष्टिरेषा वाकते आणि धुक्यात तर काहीच दिसत नाही. तिथल्या पाइलिंग जहाजांवर आरटीके रिसीव्हर बसवून जहाजाची जागा, दिशा आणि कल सतत काढला जात होता. जहाजाच्या सापेक्ष पाईल कुठे आहे, हे डेकवरचे लेझर अंतरमापक सांगत होते. २००८ साली सुरू झालेल्या ३६ किलोमीटरच्या हांगझोऊ आखातावरच्या पुलालाही हीच पद्धत उपयोगी पडली.

या पद्धतीचं मला वाटणारं सौंदर्य लेझरच्या भागात आहे. पाईल लीडरमध्ये थोडा ढिला असतो, घाव बसताना हलतो. बांधणीच्या मापांवर विसंबलं तर ते हलणं कळतच नाही. लेझर प्रत्यक्ष पाईलच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर मोजतो. म्हणजे गृहीत धरलेली एक कडी मोजलेली होते. बार्ज भाड्याने घेताना सिस्टीममध्ये हा भाग आहे का, हे विचारून घ्या.

तरंगत्या बार्जवर कलाला फार जपावं लागतं. बार्ज एक अंशाने कलंडली तर ३० मीटर उंचीवर ५२ सेंटिमीटरचा फरक पडतो.

उंचीबद्दल एवढी काळजी का घ्यायची?

कारण उपग्रहांवरून मिळणारी उंची समुद्रसपाटीपासूनची नसते. ती पृथ्वीच्या एका गणिती आकारापासून, म्हणजे दीर्घवर्तुळजापासून मोजलेली असते. भारताच्या परिसरात खरी समुद्रसपाटी या आकाराच्या बरीच खाली आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर उभं राहून कच्ची उंची वाचली तर ती उणे साठेक मीटर दिसते. एवढी मोठी चूक कुणाच्याही लक्षात येते, म्हणून तिची भीती नाही. भीती लहान चुकांची आहे.

त्यांतली पहिली मॉडेलमुळे होते. समुद्रसपाटीचा फरक काढायला जागतिक जिऑइड मॉडेल (समुद्रसपाटीच्या आकाराचं गणित) वापरलं आणि ते साइटच्या बेंचमार्कशी (उंची माहीत असलेल्या खुणेशी) जुळवून पाहिलं नाही, तर काही डेसिमीटरची तफावत राहू शकते. दुसरी बंदराच्या कामात होते. बंदराचे नकाशे चार्ट डेटमवर (ओहोटीच्या खालच्या पातळीवर) असतात, रस्त्याचे आणि पुलाचे सरासरी समुद्रसपाटीवर. मुंबईत या दोन पातळ्यांमध्ये सुमारे अडीच मीटर फरक आहे. एक ड्रॉइंग एका पातळीवर आणि दुसरं दुसऱ्या पातळीवर असेल, तर आकडे दोन्हीकडे पटण्यासारखेच दिसतात.

उभ्या पाईलमध्ये या चुकीने कट-ऑफ लेव्हल, म्हणजे पाईलचं डोकं छाटायची पातळी, बिघडते. तिरक्या, म्हणजे रेकर पाईलमध्ये मात्र जागाही चुकते. बांगलादेशातल्या २०२२ साली सुरू झालेल्या पद्मा पुलाचे ३ मीटर व्यासाचे स्टीलचे पाईल १:६ कलाने ठोकले आहेत, म्हणजे सहा मीटर खाली जाताना एक मीटर बाजूला. अशा पाईलची जागा ड्रॉइंगमध्ये एका विशिष्ट पातळीला दिलेली असते. पातळीत अर्ध्या मीटरची चूक झाली तर पाईल ८३ मिलिमीटर सरकला. चार्ट डेटम आणि समुद्रसपाटीची गल्लत झाली तर तब्बल ४२ सेंटिमीटर. पाईल कॅपचं (पाइलांना वरून जोडणाऱ्या काँक्रीटच्या ठोकळ्याचं) आधीच बांधलेलं स्टील मग पाईलशी जुळत नाही.

उपाय सोपा आहे. कामाच्या आधी निदान चार-पाच बेंचमार्कवर रोव्हर ठेवून लेव्हलने काढलेली उंची आणि रिसीव्हरची उंची ताडून पाहा. हे बिंदू साइटच्या चारही बाजूंना असावेत, एकाच कोपऱ्यात नाहीत. आणि प्रत्येक ड्रॉइंगवर पातळी कशापासून मोजली आहे ते शब्दांत लिहून घ्या.

टेपने मोजलेलं अंतर आणि कोऑर्डिनेटवरून काढलेलं अंतर जुळत नाही. रिसीव्हर बिघडला आहे का?

बहुधा नाही. तुम्ही यूटीएम या नकाशा-पद्धतीचे कोऑर्डिनेट वापरत असाल. गोल पृथ्वी सपाट कागदावर आणताना अंतरं थोडी ताणली किंवा आखडली जातात. महाराष्ट्राचा बराचसा भाग यूटीएमच्या ४३ क्रमांकाच्या पट्ट्यात येतो. त्याची मधली रेषा ७५ अंश पूर्व रेखांशावर आहे. मुंबई त्या रेषेपासून लांब असल्यामुळे तिथे जमिनीवरचा एक किलोमीटर नकाशात सुमारे २३ सेंटिमीटरने मोठा होतो. पुणे रेषेच्या जवळ आहे, म्हणून तिथे उलट २० सेंटिमीटरहून जास्त आखडतो.

मुंबईत पाचशे मीटरच्या पुलावर ही तफावत ११ सेंटिमीटरच्या वर जाते. पाईलला मिळणारी सूट बऱ्याचदा त्याहून कमी असते. डिझाइन जमिनीवरच्या अंतरांत असेल तर साइटचं स्थानिक ग्रिड बांधून रिसीव्हरमध्ये भरावं, आणि सर्व ठेकेदारांनी तीच एक फाइल वापरावी. दोन ठेकेदार पुलाच्या दोन टोकांनी वेगवेगळ्या फाइली घेऊन निघाले तर मधल्या स्पॅनला दोघंही आपापल्या परीने बरोबर असतात.

किती चूक चालते?

करारात लिहिलेली. आपल्याकडे सहसा आयएस २९११ या पाइलांच्या भारतीय मानकाचा आधार घेतात. उभ्या पाईलचा कल १.५ टक्क्यापेक्षा आणि रेकरचा ४ टक्क्यांपेक्षा जास्त ढळू नये, असं ते मार्गदर्शन करतं. जागेच्या बाबतीत मोठ्या व्यासाच्या पाइलांना साधारण ७५ मिलिमीटरपासून पुढे, व्यासानुसार सूट मिळते. ही सगळी सूट मोजणीत खर्च करायची नाही, हे लक्षात ठेवा. जमीन स्वतःच पाईलला ढकलते, त्यासाठी ती राखून ठेवलेली असते. मोजणीची एकूण चूक सुटीच्या एक तृतीयांशाच्या आत ठेवावी, असं माझं मत आहे.

जीपीएसवरून सेट मोजता येईल का?

सेट म्हणजे शेवटच्या ठरावीक घावांत पाईल किती खाली गेला ते. दहा घावांचा सेट, नाही. समजा शेवटच्या दहा घावांत पाईल २५ मिलिमीटर गेला, म्हणजे एका घावाला अडीच मिलिमीटर. आरटीकेची उभी चूकच १५ ते २० मिलिमीटरची आहे. मोजायची वस्तू मोजपट्टीच्या चुकीत बुडून जाते. घाव बसल्यावर पाईल आधी खाली दबतो आणि थोडा परत वर येतो. हे परत येणं घावांवरून पाईलची ताकद काढणाऱ्या हायलीसारख्या सूत्रांत लागतं, आणि ते तर आणखी नाजूक आहे.

पाईलवर आलेखाचा कागद चिकटवून, स्वतंत्र आधारावर ठेवलेल्या पट्टीवरून पेन्सिल ओढत घावाची रेघ काढण्याची जुनी पद्धत इथे आजही जास्त भरवशाची आहे. पेन्सिल धरणारा माणूस हॅमरखाली उभा राहतो ही तिची खरी अडचण, आणि त्यामुळेच दुरून मोजणारी ऑप्टिकल उपकरणं आता येत आहेत.

उपग्रहांचा उपयोग होतो तो मोठ्या चित्रासाठी. प्रत्येक मीटर खोलीला किती घाव लागले, ही नोंद आपोआप होऊ शकते. शेजारच्या पाइलांपेक्षा एखादा तीन मीटर आधीच अडला किंवा पाच मीटर खोल गेला, तर ते त्याच दिवशी नकाशावर दिसतं. खाली दगड आहे, की बोअरहोलमध्ये न सापडलेला मऊ थर, हा प्रश्न लगेच विचारता येतो.

भार पेलण्याची क्षमता?

त्यासाठी पाईलला ताण आणि त्वरण मोजणारे सेन्सर लावून केलेली डायनॅमिक चाचणी, किंवा प्रत्यक्ष भार ठेवून केलेली लोड टेस्ट.

आपल्याकडे बहुतेक पाईल बोअर्ड असतात. मग हे सगळं कुणासाठी?

खरं आहे, महाराष्ट्रातल्या पुलांखाली आणि मेट्रोखाली प्रामुख्याने जागेवर खोदून ओतलेले पाईल आहेत. पण खाडीत आणि समुद्रात खोदण्याआधी स्टीलचा लायनर (नळी) व्हायब्रो हॅमरने, म्हणजे कंपनं देणाऱ्या यंत्राने, उतरवावा लागतो. तो जिथे बसतो तिथेच पाईल होतो. लायनर उतरवताना जागा आणि कल पाहणं म्हणजे पाईल ठोकताना पाहण्यासारखंच आहे. एकदा तो चिखलात आठ-दहा मीटर गेला की सरळ करणं फार कठीण.

दुसरी मोठी जागा सौरऊर्जेची. मोठ्या सोलर पार्कमध्ये पॅनलच्या चौकटींखाली हजारो छोटे स्टीलचे खांब ठोकतात. आधी प्रत्येकासाठी चुन्याची खूण, मग खुंटी, मग रॅमिंग मशीन. जीपीएस लावलेलं मशीन खुणेशिवाय थेट जागेवर जातं आणि खांबाचं डोकं ठरलेल्या उंचीला आलं की थांबतं. इथे माती मोकळी, आकाश मोकळं, काम एकसारखं. उपग्रहांसाठी यापेक्षा सोयीची साइट नाही.

संध्याकाळनंतर फिक्स का जातो?

भारत चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ आहे. आयनोस्फिअरमध्ये, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, सूर्यास्तानंतर मोठे विस्कळीत पट्टे तयार होतात आणि त्यांतून येताना उपग्रहांचे सिग्नल थरथरतात. रात्री आठ ते मध्यरात्रीचा काळ सर्वांत वाईट. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हे जास्त होतं, आणि सूर्यावरचे डाग वाढलेल्या वर्षांत आणखी जास्त. युरोपातल्या माहितीपत्रकात याचा उल्लेख बहुधा नसतो, कारण तिथे हा त्रास फारसा नाही.

करायचं काय? बेस जवळ ठेवा. जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ, बायडू अशा सगळ्या प्रणाली आणि एकाहून अधिक फ्रिक्वेन्सी घेणारा रिसीव्हर वापरा. अवघड पाईल दिवसा लावा. रात्रपाळी असेलच तर टोटल स्टेशन तयार ठेवा.

नाविकने काही फरक पडतो का?

आपली नाविक प्रणाली घेणारा रिसीव्हर असेल तर आकाशात काही उपग्रह वाढतात, आणि तिचे उपग्रह आपल्यावर बराच वेळ उंच असतात. क्रेनच्या गर्दीत त्याची मदत होते. मात्र बेस आणि रोव्हर दोघांनीही ते सिग्नल घ्यायला हवेत.

स्वतःचा बेस उभारावा की कॉर्स सेवा घ्यावी?

भारतीय सर्वेक्षण विभागाचं कॉर्स जाळं, म्हणजे सतत चालू असणाऱ्या स्थिर बेसांचं जाळं, देशभर आहे आणि इंटरनेटवरून दुरुस्त्या मिळतात. गावठाणांची मोजणी करणाऱ्या स्वामित्व योजनेतही ते वापरलं गेलं. जमिनीवरच्या कामाला आणि नियंत्रणबिंदू बांधायला ते उत्तम.

पाईल ठोकण्यासाठी मात्र साइटवर स्वतःचा बेस असावा, असं मी आग्रहाने सांगेन. खाडीच्या मध्यावर मोबाइलचं नेटवर्क गेलं तर लीडरमध्ये लटकलेला पाईल घेऊन वाट पाहत बसता येत नाही. बेसचा खांब काँक्रीटचा हवा, पाइलिंगच्या हादऱ्यांपासून आणि डम्परच्या रस्त्यापासून लांब. भरावाच्या जमिनीवर नको. भराव खचला की बेस खचतो आणि त्या दिवसापासून सगळे पाईल शांतपणे चुकायला लागतात. मोठ्या ताकदीच्या रेडिओला परवाना लागतो, तो आधीच घ्या.

शेजारच्या इमारतींवर आणि आधी ठोकलेल्या पाइलांवर जीपीएसने लक्ष ठेवता येतं का?

इमारतीला बसणारे हादरे भूकंपमापकासारख्या व्हायब्रेशन मीटरने मोजतात, उपग्रहांनी नाही. दिवसागणिक होणारं सावकाश खचणं किंवा झुकणं मात्र स्थिर रिसीव्हर काही मिलिमीटरपर्यंत पकडतो, कारण तिथे तासन्‌तासांची निरीक्षणं एकत्र करता येतात.

चिकणमातीत वेगळाच त्रास होतो. नवा पाईल आत जाताना माती बाजूला आणि वर ढकलतो आणि आधीचे पाईल वर उचलले जातात. टोक टणक थरावरून उठलं तर तो पाईल भार घेईल याचा भरवसा राहत नाही. हे उचलणं पाच-दहा मिलिमीटरचंही महत्त्वाचं असतं, म्हणून तिथे ऑटो लेव्हलच हवी. प्रत्येक पाईलच्या डोक्याची पातळी तो ठोकून झाल्याबरोबर घ्या आणि शेजारचे झाल्यावर पुन्हा घ्या. उचलला असेल तर परत ठोकावा लागतो.

मग टोटल स्टेशन विकून टाकायचं का?

मुळीच नाही. सिस्टीम पहिल्यांदा बसवल्यावर पाईल उभा करून त्याचा मध्य टोटल स्टेशनने मोजा आणि पडद्यावरच्या आकड्याशी ताडा. मग रिग ९० अंश फिरवून पुन्हा, आणि १८० अंशांवर पुन्हा. चूक रिगबरोबर फिरत असेल तर ती बांधणीच्या मापात आहे. एकाच दिशेला राहत असेल तर बेसमध्ये किंवा ग्रिडमध्ये. ही एक चाचणी कित्येक तासांचे वाद वाचवते.

रोज सकाळी काय पाहावं?

रोव्हर एका माहीत असलेल्या बिंदूवर ठेवून आकडा लिहून काढा. बेसच्या अँटेनाची उंची टेपने पुन्हा मोजा, कारण ट्रायपॉडला कुणाचा धक्का लागला तर रिसीव्हर ते सांगत नाही. कलाचा सेन्सर स्पिरिट लेव्हलशी ताडा. आणि रिगवर वेल्डिंग किंवा दुरुस्ती झाली असेल तर अँटेनांची मापं पुन्हा घ्या. रात्रपाळीच्या फिटरला सकाळी हा प्रश्न आठवणीने विचारावा.

एवढं करूनही पाईल सरकला तर?

पहिल्या एक-दोन मीटरमध्ये कळलं तर उपसून पुन्हा लावा. नंतर कळलं तर ठोकणं थांबवा, टोटल स्टेशनने स्वतंत्र मोजणी करा आणि आकडे डिझायनरकडे पाठवा. पाईल कॅप मोठी करून किंवा शेजारी जादा पाईल घेऊन मार्ग निघू शकतो, पण तो निर्णय त्यांचा. क्रेनने किंवा जॅकने ओढून पाईलचं डोकं जागेवर आणू नका. वर पडदा हिरवा होईल, पण चिखलाखाली पाईल वाकलेला राहील आणि काँक्रीटचा असेल तर तडकलेलाही.